अण्णांचा बागेतला छोटा ट्रॅक्टर परत उभा करतोय, सीट घरीच बांधायचीय, सल्ला हवा

गोदाकाठ (१२ जून)

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातून लिहितोय, घरची चार एकर द्राक्षं आहेत. अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी १९९६ ला मित्सुबिशी शक्ती घेतला होता, एमटी १८० डी, साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर डिझेल. घरात त्याला सगळे नुसतं 'छोटा' म्हणतात. नऊ फुटी गाळ्यात, म्हणजे वेलींच्या दोन ओळींमधल्या जागेत, मोठा ट्रॅक्टर घातला की काड्या मोडतात, खोडाला घासतो, त्यामुळे ब्लोअर (फवारणीचं यंत्र) काय, रोटाव्हेटर काय, शेणखताची ट्रॉली काय, पंचवीस वर्षं सगळं यानंच ओढलंय. मागची पाच वर्षं फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर करून घेतली आणि हा शेडमध्ये उभा राहिला. या वर्षी गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीच्या) आधी चालू करायचाच असं ठरवलंय.

आजची अवस्था सांगतो. क्रँकपुलीच्या नटाला पाना लावून फिरवलं तर इंजिन फिरतं, जाम नाही. टाकीत तळाला डिझेलचा काळा चिखल. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. गिअर टाकून क्लच दाबून ढकललं तरी चाक सुटत नाही. आणि सीट तर बघवत नाही, रेक्झिन फाटून आतलं सगळं बाहेर आलंय.

सीट नवीन मिळते, साडेतीन हजार सांगितले. पण अण्णा ७१ वर्षांचे आहेत, अजून स्वतः बसणार म्हणतात आणि सीट हीच पाहिजे म्हणतात, "तिच्यावर माझी बैठक बसलीय." म्हणून घरीच बांधायची आहे. कुणी केलंय का?

रेंचपाना (१२ जून)

भाऊ, स्टार्टर मारायची घाई करू नका. तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन दोन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा, दोन दिवस राहू द्या, मग पान्यानं हळूहळू दोन चार फेरे फिरवा. पिस्टनच्या रिंगा मोकळ्या होतात. तोवर नोझल पंपवाल्याकडं टेस्टिंगला द्या. टाकी उतरवूनच धुवा, जागेवर धुतली तर चिखल पाइपात जातो. डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर सगळं नवीन. मागच्या हाउसिंगचं ऑइल थोडं बाटलीत काढून बघा, दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय, पूर्ण बदलावं लागेल.

क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलीय तुमची, उभ्या ट्रॅक्टरचं हे नेहमीचं. पेडल पूर्ण दाबून लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा आठ दिवस, बऱ्याचदा तेवढ्यानं सुटते. नाही सुटली तर इंजिन चालू झाल्यावर न्यूट्रलमध्ये चांगलं गरम करायचं, बंद करायचं, मग पुढं मोकळं रान बघून वरच्या गिअरला टाकून, पेडल दाबूनच स्टार्टर मारायचा आणि ब्रेक द्यायचा. पुढं कुणी उभं राहू देऊ नका. खोलायची वेळ आलीच तर ते शेवटी.

आणि आरसीची मुदत बघून घ्या, १५ वर्षं झाली की फेरनोंदणी लागते आणि नंतर दर पाच वर्षांनी.

कृष्णाकाठ (१३ जून)

तासगावातनं लिहितोय. सीट घरी बांधायच्या भानगडीत पडू नका असं माझं मत हाय बगा. मी बी सुरवातीला तसंच केलं, गादीवाल्याकडनं फोम आणला, वरनं रेक्झिन ताणून खिळे मारले, एका पावसाळ्यात फोम पाणी पिऊन बसला आणि सीटवर बसलं की पँट भिजायची. मग तयार सीट आणली तर ती तीन महिन्यात बसकी झाली. म्हंजी दोन्हीकडनं पैसं गेलं. करायचंच असंल तर पाण्याचा विचार आधी करा, मऊपणाचा नंतर.

ओहायोतून (१३ जून)

मूळ सांगलीचा, आता ओहायोत. इथं घरामागच्या अंगणासाठी 'गार्डन ट्रॅक्टर' असतात त्यातला एक मी दोन हिवाळे खपून उभा केलाय, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा १९६२ चा कब कॅडेट, एक सिलिंडर, सात एचपीचं कोहलर इंजिन, पेट्रोलवर चालतो. तुमच्या शक्तीपुढं तो खेळणंच म्हणायचं पण सीटचं दुखणं अगदी तेच होतं.

माझा अनुभव, आधी पत्रा. वरचं सगळं नवीन करून खालचा पत्रा गंजका ठेवला तर दोन वर्षांत परत तिथंच. मी इलेक्ट्रोलिसिसनं गंज काढला. प्लास्टिकचा टब, पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर सीटच्या पत्र्याला, पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो, ब्रशनं निघून जातो आणि चांगलं लोखंड झिजत नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. हे उघड्यावर करायचं कारण हायड्रोजन वायू सुटतो, ठिणगी जवळ नको. आणि पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

गोदाकाठ (१६ जून)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठोकळा लावलाय क्लचला, नोझल पिंपळगावला टेस्टिंगला दिलीत.

काल सीट खोलली. मी आणि आई ओट्यावर बसून एकेक थर काढत होतो. वर काळं रेक्झिन, त्याला अण्णांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे सोल्युशननं चिकटवलेले, एकावर एक चार ठिगळं. त्याच्या खाली युरियाची गोणी दुमडून घातलेली, ती पावसासाठी. त्याखाली गोधडीचा तुकडा, चौकोनी घडी करून दोऱ्यानं टाचलेला. त्याच्याखाली मूळचा पिवळा फोम, हातात घेतला की पिठासारखा सांडत होता. आणि मग पत्रा, मागच्या बाजूला पंजाएवढं भोक.

गोधडीचा तुकडा आईनं हातात घेतला, उलटा केला, आणि आतलं हिरवं कापड बघून म्हणाली हे माझ्या आईच्या लुगड्याचं आहे. आमची आजी वारली २००१ ला. ती गोधडी कशी फाटली, तुकडा सीटमध्ये कधी गेला, आईला काही आठवत नव्हतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "त्या वर्षी पाठ धरली होती, घरात जे मऊ होतं ते घातलं."

आता मला तो तुकडा परत सीटमध्येच घालायचाय. फोमच्या खाली घातला तर चालेल ना?

शिवणघर (१६ जून)

दादा, वाचून डोळे भरून आले. पण सीटच्या आत घालू नका हो. सुती कापड ओल धरून ठेवतं, पत्रा परत गंजेल आणि कापड कुजेल, म्हणजे दोन्ही जाईल. हलक्या साबणाच्या पाण्यात हातानं धुवा, सावलीत वाळवा, त्याचं काय करायचं ते नंतर सांगते.

मी पुण्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवते, अकरा वर्षं झाली. जुनं रेक्झिन टाकून तर दिलं नाही ना? तोच तुमचा कागद आहे, म्हणजे पॅटर्न. शिवण उसवायच्या आधी खडूनं प्रत्येक जोडावर आडव्या खुणा करा, दोन्ही तुकड्यांवर एकदम, आणि तुकड्यांना नंबर घाला, पुढचा, मागचा, डावा. उसवल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात, तेव्हा या खुणांनीच जुळतं. फाटून ताणलेला तुकडा तसाच ठेवून आखू नका, त्याच्या समोरच्या बाजूचा चांगला तुकडा उलटा ठेवून आखा.

कणा (१७ जून)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिक भागातले बरेच बागायतदार कंबरदुखी घेऊन येतात म्हणून लिहितेय. सगळे फोमबद्दल बोलताय, पण पाठीला जे बसतं ते धक्के, आणि धक्के फोम थोडेच खातो, ते काम स्प्रिंगचं. बसलेल्या माणसाचा कणा साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या हादऱ्याला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा वरखाली, आणि ट्रॅक्टर शेतात चालताना नेमका त्याच्या आसपासच हादरतो. युरोपात तर कामगाराला दिवसभरात किती कंपनं बसावीत याचा २००२ पासून कायदा आहे. नुसता जाड मऊ फोम घातला तर माणूस त्यात खाली-वर होत राहतो, पहिल्या दिवशी छान वाटतं आणि आठव्या दिवशी पाठ भरून येते.

सीटखाली स्प्रिंग आहे का? असेल तर वडील बसल्यावर ती किती दबते ते मोजून कळवाल का? आणि त्यांचं वजन?

गोदाकाठ (१८ जून)

ताई, दोन स्प्रिंगा आहेत पाठीमागं, पुढं बिजागरीसारखा पिन. अण्णांचं वजन ५६ किलो. पत्र्यावर पोतं टाकून त्यांना बसवलं आणि पट्टीनं मोजलं तर उजवी जवळजवळ दीड इंच दबते, डावी अर्धा इंचसुद्धा नाही. डावी काढली तर ती वेगळीच निघाली, जाड तारेची, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीची. म्हणजे इतकी वर्षं अण्णा उजवीकडं कललेलेच बसत होते, आणि दुखायची पण उजवी कंबर. मला आजवर वाटायचं वयामुळं.

कणा (१८ जून)

वयाचा वाटा असतो, पण हे कारण पुरेसं आहे. दोन्ही स्प्रिंगा एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या तारेच्या घ्या, आणि वडिलांच्या वजनावर निवडा, तुमच्या नाही. ते बसल्यावर एकूण जेवढी हालचाल शक्य आहे त्याच्या साधारण निम्म्यात सीट थांबली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात तळ लागत नाही आणि उसळीला वरही जागा राहते.

रेंचपाना (१८ जून)

स्प्रिंगा जोडीनंच बदलायच्या, एकच नवी कधी घालू नका. पिनचा बुश (पिन ज्यात फिरते ती धातूची नळी) पण बघा, खुळखुळा असेल तर कितीही चांगली स्प्रिंग घाला सीट डुलणारच. लेथवाल्याकडून बुश करून घ्या, काम छोटं आहे.

गोदाकाठ (२ जुलै)

अपडेट. पत्रा दोन रात्री सोड्याच्या पाण्यात ठेवला, ओहायोदादा म्हणाले तसाच काळा चिखल सुटला. भोकाच्या जागी सातपूरच्या वेल्डरकडून दोन एमएमचा तुकडा जोडून घेतला, ग्राइंड केला, रेड ऑक्साईडचे दोन हात, वर काळा रंग. तळाला पाणी निघायला चार भोकं पाडली, कृष्णाकाठ भाऊंची आठवण ठेवून. बुश नवीन, स्प्रिंगा दोन्ही नवीन, अण्णा बसले की दोन्ही बाजू सारख्या सव्वा सव्वा इंच दबतात.

इंजिन पण लागलं!! परवा संध्याकाळी. डिझेलच्या पाइपातली एअर काढताना जीव गेला, फिल्टरचा बोल्ट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारला, मग पंपाचा बोल्ट, मग नोझलचे नट ढिले ठेवून स्टार्टर, तीन सिलिंडरपैकी आधी एक बोललं, मग दुसरं, आणि नट आवळल्यावर तिसरं. पांढरा धूर पाच मिनिटं, मग साफ. आई चहा टाकायला गेली होती ती तशीच पातेलं हातात घेऊन बाहेर आली. क्लच आठ दिवसांच्या ठोकळ्यानं सुटला नाही, पण गरम करून ब्रेक दिल्यावर पहिल्याच झटक्यात सुटला.

आता फोम. नेमका कुठला घेऊ?

रेंचपाना (२ जुलै)

जिंकलात भाऊ. पुढच्या वेळी एअर काढताना नोझलच्या फवाऱ्याजवळ हात नेऊ नका एवढं सांगतो, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. ज्यांनी हे वाचून करायचं ठरवलंय त्यांच्यासाठी पण लिहितोय.

कृष्णाकाठ (३ जुलै)

फोम नको, काथ्या घाला. जुन्या ट्रकच्या सीटा काथ्याच्याच हुत्या, हवा खेळती, पाणी खाली जातं, घाम येत न्हाई. आमच्या आज्याच्या बैलगाडीच्या धुरेवर बी काथ्याचीच गादी हुती.

शिवणघर (३ जुलै)

काथ्या चांगला असतो दादा, पण रबराचा हात दिलेला काथ्याचा तक्ता घ्यायचा, सुटा काथ्या एका बाजूला सरकतो. तरी छोट्या सीटला मी फोमचे थर सुचवेन. खाली एक इंच रिबाँडेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला टणक असतो तो, त्यावर ४० डेन्सिटीचा दीड इंच, आणि सगळ्यात वर अर्धा इंच मऊ. दुकानात अंगठ्यानं दाबून बघून घेऊ नका, त्यावर बसून बघा, पाच मिनिटं. थर एसआर सोल्युशननं (फोम-रेक्झिन चिकटवायचा डिंक) चिकटवायचे, दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग टेकवायचं, एकदा टेकलं की हलत नाही.

फोमवर पातळ प्लास्टिक पूर्ण गुंडाळा. शिवणीच्या भोकातून थोडं पाणी येतंच, ते फोमपर्यंत जात नाही, आणि रेक्झिन चढवताना घसरून नीट बसतं.

रेक्झिन फोमपेक्षा सगळीकडून अर्धा इंच लहान कापा म्हणजे ताण बसतो. उन्हात तासभर ठेवून मग चढवा, मऊ होतं.

नवी_बाग (४ जुलै)

ताई, घरातल्या साध्या काळ्या शिलाई मशीनवर रेक्झिन शिवता येतं का? माझं आज सकाळी दोनदा सुई मोडली.

शिवणघर (४ जुलै)

येतं, दोन थरापर्यंत आरामात. सुई १८ नंबरची लावा, दोरा पॉलिस्टरचा जाड, सुती नको, तो उन्हापावसात दोन वर्षांत कुजतो. टाका मोठा ठेवा, चार एमएमचा. लहान टाका मजबूत वाटतो पण रेक्झिनला एकमेकांना लागून भोकं पडून ते पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं. पायाखाली रेक्झिन चिकटत असेल तर पायाच्या तळाला सेलोटेप लावा किंवा थोडी पावडर शिंपडा. पायपिंगच्या (कडेच्या गोल पट्टीच्या) जोडावर चार थर येतात तिथं पायडल मारू नका, चाक हातानं फिरवा. टाचण्या लावू नका, पडलेली भोकं बुजत नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

आणि दादा (गोदाकाठ), बसायच्या जागेच्या मधोमध शिवण येऊ देऊ नका. शिवण कडेला, उतारावर.

ओहायोतून (४ जुलै)

एक भर घालतो. इथल्या नव्या गार्डन ट्रॅक्टरना सीटखाली स्विच असतो, माणूस उठला की इंजिन बंद. शेजाऱ्याची सीट बांधून दिली तेव्हा मी फोम फार टणक घातला, त्याची बायको हलकी, ती बसली की स्विच दबायचाच नाही आणि मशीन चालू होईना. परत खोलावी लागली. ज्यांच्याकडं तसा स्विच असेल त्यांनी आधी तो बघा, आणि स्विच बायपास कृपया करू नका, तो जीव वाचवायलाच आहे.

गोदाकाठ (२१ जुलै)

सीट झाली आणि चुकली पण. सविस्तर लिहितो म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही.

पत्र्याला स्टेपल बसत नाही म्हणून १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय सीटच्या आकाराचा कापला, टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) ठोकून पत्र्याला चार बोल्टनी जोडला. त्यावर फोमचे थर, तीन इंच. आईनं मशीनवर शिवलं, मी चाक फिरवलं. रेक्झिन उन्हात ठेवून चढवलं, आधी चार बाजूंना मधोमध एकेक पिन, मग कोपऱ्यांकडं. दिसायला एकदम नवी.

अण्णा बसले, बागेत नेला. आमची अर्धी बाग वाय पद्धतीची आहे, म्हणजे वेली Y आकाराच्या अँगलवर, गाळा वरून मोकळा, आणि अर्धी मांडवाची, म्हणजे डोक्यावर तारांचं छत. वायमध्ये काही वाटलं नाही. मांडवाखाली शिरले आणि पहिल्याच गाळ्यात टोपी तारेत अडकून मागं राहिली. जुनी सीट दबून दबून पत्र्याला लागलेली, आता प्लाय आणि फोम धरून अण्णा पूर्वीपेक्षा अडीच इंच वर आले होते. मान वाकवून चालवायला लागले. आणि क्लचला पाय पोचवायला पुढं सरकत होते, म्हणजे पाठीचा टेकू सुटत होता. सीट सुंदर, बसणं चुकीचं.

कणा (२१ जुलै)

मान वाकवून तासभर चालवण्यापेक्षा जुनी सीट बरी होती. उंची कमी कराच. फोमचा मधला थर कमी करा, स्प्रिंगला हात लावू नका. उंची ठरवताना त्यांना बसवून क्लच पूर्ण दाबायला सांगा, पेडल तळाला असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

शिवणघर (२२ जुलै)

मधला थर काढून खालचा टणक आणि वरचा मऊ एवढेच ठेवा आणि प्लाय सहा एमएमचा करा, फोम बदलल्यावर रेक्झिन कडेनं सैल पडेल ते खालून दुमडून परत पिन करा, पुन्हा शिवायला नको.

गोदाकाठ (९ ऑगस्ट)

प्लाय सहा एमएमचा केला, टी-नट काढून सीटच्या खालून वॉशर लावून साधे बोल्ट घातले, फोम रिबाँडेड एक इंच आणि वर मऊ पाऊण इंच. आता उंची जुन्यापेक्षा साधारण एक इंचानं जास्त आहे फक्त, मांडवाखाली टोपी डोक्यावरच राहते.

आणि गोधडीचा तुकडा. शिवणघर ताईंशी मेसेजवर बोलून आईनं त्याला चारी बाजूंनी नवीन काठ लावला, खालून जुन्या धोतराचा एक थर, कोपऱ्यांना नाड्या. सीटवरून टाकायचा आणि खाली बांधायचा. पाऊस आला की काढून घरात. एप्रिलच्या उन्हात रेक्झिनचा चटका बसतो तेव्हा त्याचा खरा उपयोग होईल. आजीच्या लुगड्याची हिरवी बाजू वर ठेवलीय.

पीटीओ शाफ्टवर (ब्लोअर, रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा) कव्हर नव्हतं ते पण नवीन बसवलं, अण्णांचं उपरणं घरी ठेवायला लावलं, ते ऐकायला तयार नव्हते पण आईनं ऐकवलं.

आज सकाळी अण्णांनी रिकामा ब्लोअर लावून मांडवाचे सहा गाळे फिरून आणले. मी बांधावर उभा होतो. उतरले, सीटवर हात ठेवून दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "डावीकडं अजून जरा खाली बसते."

पट्टी लावून मोजलं. पाव इंच.

रेंचपाना (९ ऑगस्ट)

डाव्या स्प्रिंगखाली पाव इंचाचा वॉशर टाका भाऊ, होईल.

गोदाकाठ (९ ऑगस्ट)

टाकला. परत बागेत गेलेत.